पोटासाठी गोळ्या, तोंडासाठी पुड्या

११ फेब्रुवारी

ताईसाहेबांस,

नोकरी लागली. आधी खाली बस, घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच. आई विचारेल, ह्या खेपेला किती दिवस? सांग, कायमची. मागचीही कायमचीच होती, फक्त ते गोदामवाल्यांना पटलं नाही.

काम असं आहे. पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला पिंपांत पावडर, दुसऱ्या टोकाला खोकी, मधे आम्ही. मी पुड्यांची तोंडं गरम पट्टीत दाबून चिकटवतो. पुडीत काय असतं म्हणशील, तर जंतू. दचकू नकोस, सज्जन जंतू. ते पोटात उतरतात, तिथल्या दुर्जनांना हाकलतात, आतडी झाडून घेतात आणि मग माणसाचं सगळंच सुधारतं. झोप, केस, कातडी, स्वभाव. पुडीवर एका बाईचा फोटो आहे. तिचा चेहरा इतका गुळगुळीत आहे की नाक कुठून सुरू होतं ते शोधावं लागतं. ती दिवसभर माझ्याकडे बघून हसते आणि मी तिच्या डोक्यावर गरम पट्टी दाबतो.

आमच्यावर एक साहेब आहेत, पांढरा कोट घालतात. सुरुवातीला मी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. मग कळलं की पावडर उडून कपडे खराब होतात म्हणून तो कोट आहे. पण बोलतात अगदी कोटाला शोभेल असं. "चेहरा म्हणजे पोटाची पाटी," म्हणतात. मला ते फार आवडलं. मी ते शेडच्या दारावर खडूने लिहून टाकलं. त्यावरून आठवलं, इथे एक कुत्रा आहे, खाली सांडलेली पावडर चाटतो. अंग असं तकतकीत की त्यात बघून भांग पाडावा. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पुरावा म्हणून दाखवतात.

मी काय सांगत होतो? हं, नियम. रडगाणं नाही. वसतिगृहात होतो तेव्हा माझी रडकी पत्रं तू लाल पेनाने तपासून परत पाठवायचीस, "येथे रडगाणे, पुन्हा लिहा". का, तर आई ती वाचून जेवायची नाही. त्या लाल रेघांनी मी हसतं लिहायला शिकलो. शाळेने शिकवलेलं एवढंच टिकलं, आणि तेही शाळेने नाही. तेव्हा तूही तोच नियम पाळ. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. काय म्हणतेस? दुकान कसंय? आईचा गुडघा?

कायमचा चिकटलेला,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अभिनंदन. आईला "कायमची" असं शब्दशः सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, तेव्हा नोकरीचा एक उपयोग तर झाला.

माझी बातमी म्हणजे, मला मुरुमं आलीत. तेहतिसाव्या वर्षी. पुस्तकात ह्यांना तारुण्यपीटिका म्हणतात. दहावीत सगळ्या मैत्रिणींना यायची आणि मला एकही नाही, म्हणून त्या माझ्यावर जळायच्या. आता सगळी थकबाकी एकदम आली. हनुवटीवर, कपाळावर, पाठीवरसुद्धा.

आमच्या दुकानात आरसे किती आहेत ते तू बघितलंयस. भिंतीला आरसा, टेबलावर आरसा, हातात धरायचा आरसा. कुठेही मान वळवली की मीच. शिवाय काम काय, तर गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे दांडी वाकवायची आणि वीतभर अंतरावरून विचारायचं, दिसतंय का आता नीट? आणि त्यांना नीट दिसतं रे. वर्षानुवर्षं धुकं बघत आलेला माणूस पहिल्यांदा स्वच्छ बघतो, आणि त्याला पहिली काय दिसते, तर मी. परवा एक आजोबा नवा चष्मा लावून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं नंबर चुकला. मग म्हणाले, "बाळ, पोट साफ होतं का?"

प्रत्येकजण काहीतरी सांगून जातो. दूध सोड, तेलकट सोड, लग्न कर, उशीची खोळ बदल. मालक काही बोलत नाहीत. फक्त हल्ली पुढच्या खुर्चीत कुणी बसलं की मी उठायच्या आत तेच उठतात.

अंगही जरा भरलंय. गाल असे झालेत की माझाच चष्मा मला चावतो. पोटाची थोडी कुरकुर होती, त्याच्या गोळ्या चालू आहेत. विशेष काही नाही.

तुझे सज्जन जंतू तोंडासाठी काही करतात का? चेष्टेने विचारतेय असं समज. नाही समजलास तरी चालेल.

तुझी,
तरुण ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र चहाच्या वेळी सगळ्या शेडला वाचून दाखवलं. आजोबांच्या वाक्याला टाळ्या पडल्या. पांढरा कोट मात्र हसला नाही. चहा खाली ठेवून म्हणाला, आजोबा बरोबर बोलले.

तुझ्या गोळ्यांचा उल्लेख आला तेव्हा त्याने डोळेच मिटले. म्हणाला, गोळी पोटात गेली की आधी आपले जंतू मरतात, नांगर फिरतो सगळ्यावरून. वरून मुरूम दाबता आणि आतलं शेत उजाड करता. मी म्हटलं, साहेब, गोळ्या कसल्या आहेत ते तुम्ही विचारलंच नाही. तर म्हणाला, "गोळी ती गोळी."

मला पटलं. सोपं होतं म्हणून पटलं असेल. ज्या गोष्टी मला पटतात त्या बहुतेक सोप्याच असतात, म्हणून तर गणित कधी पटलं नाही. तर आता ऐक. दूध बंद. साखर बंद. पांढरा पाव बंद. सकाळी उपाशीपोटी एक पुडी कोमट पाण्यात. आणि कुरकुरीसाठीच त्या गोळ्या असतील तर कुरकुर पुडीनेच जाईल, मग गोळ्या हव्यात कशाला? बंद करून टाक. एक खोकं वेगळं पाठवलंय. डागी माल आहे, छपाईत बाईचं नाक गालावर गेलंय, आत मात्र सगळं जागच्या जागी आहे.

सुट्टीला इथल्या नदीचं उगमस्थान शोधायला गेलो होतो. नदी एका पाइपातून निघते असं दिसलं. पाइप कुठून येतो ते बघायला गेलो तर रखवालदाराने पकडलं. त्याच्याशी गप्पा मारत बसलो. त्याला सहा बहिणी आहेत. मी म्हटलं, मला एकच पुरते.

पुन्हा एकदा, दूध बंद.

तुझा,
भिंगरी (पोटविकार विभाग)


३० मार्च

वैद्यराज,

खोकं मिळालं. नाक खरंच गालावर आहे. ही बाई मला आपली वाटते.

तुमच्या आज्ञेनुसार दूध सोडलं, साखर सोडली, पाव सोडला. आता चहा म्हणजे गरम पाणी आणि आठवणी. पुडीची चव ओल्या भिंतीसारखी आहे. आई विचारते, हे काय नवीन? मी म्हणते, तुझ्या मुलाचा उद्योग. मग ती गप्प बसते, तुझ्या उद्योगांपुढे गप्प बसायची तिला सवय आहे.

दुकानात माझी बढती झाली. मालकांनी मला मागच्या खोलीत घातलं, काचा घासायच्या यंत्रावर. म्हणाले, तुझा हात फार स्थिर आहे, तो पुढे वाया जातो. इतकी वर्षं वाया जात होता, आणि ते नेमकं आत्ता त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनी त्यांच्या पुतणीला बसवलंय. तिची कातडी तुमच्या पुडीवरच्या बाईसारखी आहे, डोकंही. मागे खिडकी नाही. आरसाही नाही, तेवढं सुख. पण खरं सांगू का, मला माणसाच्या नाकावर चष्मा बसवायला आवडतं. तो "अरेच्चा" म्हणतो ना पहिल्यांदा, तेवढ्यासाठी तर मी तिथे आहे. काच काही "अरेच्चा" म्हणत नाही.

म्हणून गोळ्याही सोडल्या. आईला माहीत नाही, तू बोलू नकोस. चेहरा उतरायला लागलाय. गालाचा गोल कमी झाला, दोन फोड बसले. पुतणीचे त्या पुढच्या खुर्चीतले दिवस आता भरत आले.

अधूनमधून गरगरतं, ती चहा सोडल्याची चक्कर असणार. जेवण नकोसं वाटतं. पोट परत बोलायला लागलंय, जरा जोरातच. जंतूंची हाकलाहाकली चालू असेल. तसंच ना? तुझ्या साहेबांना विचारून कळव.

ताई


६ एप्रिल

ताई,

तसंच. विचारलं. साहेब म्हणाले, हेच तर लक्षण. आधी वाढतं, मग जातं. मी विचारलं, वाढून गेलंच नाही तर? म्हणाले, मग अजून वाढायचं बाकी असेल. ह्या माणसाला कुठूनही पकडता येत नाही, मी खूप प्रयत्न केला.

दोन फोड बसले हे वाचून मी शेडभर नाचलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सांगण्याने कुणाचं काही बरं झालं. आईला सांगायचा मोह आवर. नाही, सांगूनच टाक. नको, गोळ्यांचं गुपित आहे ना, राहू दे. पण नंतर सांग.

इकडची खबर. कुत्र्याला खरूज झाली. साहेब आता त्याला मागच्या दाराला बांधतात, पुरावा म्हणून दाखवत नाहीत. आणि गंमत ऐक. काल संध्याकाळी मी गावात गेलो होतो, तर औषधांच्या दुकानात साहेब. कोट नव्हता म्हणून आधी ओळखलंच नाही. पोटाच्या गोळ्या घेत होते. मला बघून म्हणाले, शेजाऱ्यांच्या आहेत. मग तिथेच पायरीवर उभं राहून एक तोंडात टाकली.

तेव्हा माझ्या मनात काहीतरी आलं होतं, तुला लगेच कळवावं असं काहीतरी. पण तेवढ्यात रस्त्याने बँडवाले निघाले, त्यांच्यातला एकजण तुतारी उलटी धरून चालला होता, मी त्यांच्यामागे चौकापर्यंत गेलो आणि ते डोक्यातून गेलं. महत्त्वाचं असेल तर परत येईल.

तू पुड्या चालू ठेव. पुढच्या खेपेला सरळ नाकवाल्या पाठवतो.

तुझा यशस्वी,
भिंगरी


१५ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मला तुम्हा दोघांसारखं लिहिता येत नाही. सरळ लिहिते. तुझी ताई दवाखान्यात आहे. आता बरी आहे, हे आधी वाच.

आठवड्यापूर्वी दुकानात यंत्रासमोर पडली. मालकांनीच गाडी करून नेलं. रक्तदाब फार खाली गेला होता. पोटातून रक्त जात होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन दिवस डॉक्टर माझ्याशी नीट बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे काय ते मला कळत होतं.

तिच्या मोठ्या आतड्याला वर्षभर सूज आहे. कुरकुर नाही, आतून जखमा आहेत. त्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. त्या एकदम सोडायच्या नसतात. शरीर आपलं काम विसरलेलं असतं, त्याला हळूहळू आठवण द्यावी लागते, असं डॉक्टर म्हणाले. तोंड सुजणं आणि मुरुमं, ती त्या गोळ्यांमुळेच. हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीही तिथेच होते.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं? तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मी तिच्या पिशवीतून तुझ्या पुड्या काढून दिल्या. त्यांनी विचारलं, हे देणारे डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, नाही, माझा मुलगा आहे, तो फक्त तोंडं चिकटवतो. ते हसले नाहीत. मीही चेष्टेने म्हटलं नव्हतं.

तुला कळवू नको म्हणाली. तुमचा काय नियम आहे तो तुमच्यापाशी. मी त्यात नाही.

आई


१९ एप्रिल

ताई,

आईचं पत्र काल मिळालं. मी तसाच स्टेशनवर गेलो, तिकीट काढलं आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, येऊ नकोस, तू दारात दिसलास की ही दवाखान्यातून उठून तुझ्यासाठी स्वयंपाकाला लागेल, महिन्याभराने ये. म्हणून परत आलो. तिकीट खिशात आहे. तारीख बदलून देत नाहीत.

मी तुला काय काय लिहिलं ते आठवतंय. "पोटविकार विभाग" असं लिहिलं. "यशस्वी" असं लिहिलं. तेव्हा तू पडलेली होतीस का? तारखा जुळवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

शेडमध्ये जाऊन साहेबांना म्हटलं, माझी बहीण दवाखान्यात आहे, गोळ्या कसल्या ते तुम्ही विचारलं नव्हतंत. तर म्हणाले, मी कुठे डॉक्टर आहे? कोट अंगात होता. आणि विचारलं तर मीही नव्हतं. सहा बहिणींच्या रखवालदाराला विचारलं, कुत्र्याला, सगळ्यांना. तुला एक ओळ विचारायला काय झालं होतं मला?

आणि तू का नाही सांगितलंस? मुरुमांवर पानभर लिहिलंस आणि आतड्यावर अर्धी ओळ. मी पानभर वाचलं, अर्धी ओळ उडवली. तुला माहीत आहे मी कसा वाचतो. तू मला ओळखत नाहीस का?

नोकरी सोडली. ह्या खेपेला कुणी काढलं नाही, एवढीच प्रगती. कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, मलम दिलंय.

तू गेली असतीस तर मी लिहिलं कुणाला असतं?

भिंगरी


१२ मे

प्रिय भिंगरी,

सोबत तुझं पत्र परत पाठवतेय, लाल पेनाने तपासून. सतरा ठिकाणी रडगाणे. तिकिटाचा परिच्छेद सगळाच बाद. कुत्र्याचं मलम चालेल. शेवटची ओळ तेवढी सोडली आहे. तिच्याखाली रेघ ओढायला गेले तर पेन चालेना. पेनात शाई होती.

घरी आहे. गोळ्या पुन्हा चालू, आता थोड्या थोड्या कमी करायच्या, डॉक्टर सांगतील तशा. सोबत दुसरं एक औषध सुरू केलंय, ते टिकलं तर ह्या गोळ्यांची गरज संपेल. तोवर मुरुमं परत आली, भावंडांसकट. मी डॉक्टरांना विचारलं, पोटाचा आणि चेहऱ्याचा खरंच संबंध असतो का? म्हणाले, काही असावा, लोक अभ्यास करतायत, कुणाला दूध-साखर कमी करून फरक पडतोही, पण पुडीवर छापण्याइतकं पक्कं अजून काही नाही. मग म्हणाले, तुमच्या बाबतीत मात्र अगदी पक्का आहे, फक्त उलटा. पोटातली आग विझते त्याच गोळ्यांनी तोंड पेटतं. दोन्ही एकदम छान दिसणं सध्या नशिबात नाही, एक निवडा. मी निवडलं होतंच. चुकीचं निवडलं होतं.

तू विचारलंस, का सांगितलं नाही. मुरुमांवर विनोद करता येतो म्हणून मुरुमांवर लिहिलं. रोज बाथरूममध्ये रक्त बघून घाबरते, ह्यावर विनोद सुचेना. बसून प्रयत्न केला होता, खरंच. फोनवर आवाजातून कळलं असतं, म्हणून फोन उचलत नव्हते.

आणि तू स्वतःला फार मोठा समजू नकोस. तुझ्या सांगण्याने मी गोळ्या सोडल्या नाहीत. एकदम सोडायच्या नाहीत हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाकिटावर छापलेलं होतं. मला असा माणूस हवा होता ज्याची माहिती अर्धी आणि खात्री पुरी आहे. तो घरातच होता. त्या अंधाऱ्या खोलीतून पुढे यायला मी काहीही ऐकलं असतं, तू नसतास तर आजोबांचं ऐकलं असतं.

आजोबांवरून आठवलं. गेल्या आठवड्यापासून दुकानात जाते, अर्धा दिवस. मालकांनी पुन्हा पुढे बसवलं. पुतणीने एका बसचालकाला वाचायचा चष्मा देऊन रस्त्यावर पाठवलं होतं, तो दारातल्या पाटीला धडकून परत आला. मालक म्हणाले, काही दिवस तूच बघ. माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले. मी म्हटलं, मालक, बघून बोला, हे औषधाने आलंय, जाईल तेव्हा जाईल, तोपर्यंत असंच दिसेल. मग त्यांनी बघितलं. म्हणाले, बरं.

दुसऱ्याच दिवशी आजोबा हजर. चष्म्यावर बसले होते, नवा करायला आले. नंबरही बदललेला. मी काचा बसवल्या, नाकावर ठेवला, दांड्या वाकवल्या आणि नेहमीचं विचारलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

"बाळ, अजून आहेत की. डाव्या गालावर जास्त दिसतायत."

"दिसतायत ना? मग नंबर बरोबर आहे."

ते इतके हसले की चष्मा खाली आला. मालकही हसले. आता कुणी गिऱ्हाईक "दिसतंय, पण खात्री नाही" म्हणालं की ते त्याला माझ्यापुढे आणून बसवतात. तक्त्यावरच्या अक्षरांवर लोक अंदाज मारतात, माझ्या तोंडावर कुणाला अंदाज मारता येत नाही. ही दुसरी बढती, आणि हिच्यात खिडकी आहे.

महिनाअखेरीला ये. जुनं तिकीट घेऊन ये, आईला दाखवायचंय. पुड्या आणू नकोस. एक ठेवली आहे मी, नाक गालावर असलेली, आरशाला अडकवून.

नियमात एक बदल करतेय. बाकी पत्र कसंही लिही, पण शेवटी एक ओळ सरळ. तिच्यात चेष्टा सापडली तर पत्र परत. सुरुवात मी करते.

आज सकाळी पोट दुखलं, गोळी घेतली, आणि आईला सांगितलं.

ताई